वाटाड्याचे नाव

यंदाच्या वार्षिकासाठी लेख मागायला संपादक मंडळाचे दोन विद्यार्थी घरी येऊन गेले. "सर, अमेरिकेचं प्रवासवर्णन द्या," अशी त्यांची फर्माईश होती. प्रवासवर्णन मी देणार नाही. तिथले लाल कडे आणि दगडी कमानी आता प्रत्येकाला घरबसल्या दिसतात, त्यांत माझ्या विशेषणांनी भर पडायची नाही. मला एक मत मांडायचे आहे. त्या मताच्या पोटात एक जुनी चूक दडलेली आहे, आणि ती चूक याच वार्षिकाच्या पानांवर छापली गेलेली असल्यामुळे तिची दुरुस्तीही इथेच व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

मत साधे आहे. डोंगरात, दरीत, रानात पाऊल टाकताना त्या जागेची माहिती असलेला माणूस सोबत घ्यावा, त्याचे ऐकावे, त्याला मोल द्यावे आणि त्याचे नाव लिहून ठेवावे. "यात मत कसले? हे तर शहाणपण झाले," असे कोणी म्हणेल. पण हे शहाणपण मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आले, आणि त्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागले. तोवर मी अगदी उलट मताचा होतो आणि ते मत मी विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्यांना मोठ्या तोऱ्याने ऐकवले आहे.

माझा जुना सिद्धान्त असा होता की, गाईडचे बोट धरून चालणाऱ्याला डोंगर कळत नाही. डोंगर एकट्याने, नाहीतर चार सवंगड्यांनी, चुकतमाकत पाहावा. पुढे झेंडा घेतलेला माणूस, मागे एकसारख्या टोप्या घातलेली माणसे, शिट्टी वाजली की थांबायचे आणि शिट्टी वाजली की चालायचे, असल्या प्रकाराला मी 'मेंढरांची सहल' म्हणत असे. वर्ग हसायचा. वर्ग हसला की मास्तराला आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटते, हा या व्यवसायातला मोठाच धोका आहे.

२०२३ सालच्या मे महिन्यात मी मुलीकडे ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरी गेलो. ग्रँड कॅनियन पाहायचे आणि शक्य तर थोडे उतरायचे, एवढा माझा बेत होता. मुलीने मला न विचारताच एका आठ दिवसांच्या पदभ्रमणात माझे नाव घालून टाकले. ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइस अशी तीन राष्ट्रीय उद्याने, अकरा माणसे आणि दोन गाईड. मी कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ते वाळवंट आहे, सिंहगड नाही. एकट्याने जायचं नाही. पैसे भरलेत." पैसे भरलेत म्हटल्यावर मराठी माणूस काय बोलणार! गेलो.

पहिल्याच संध्याकाळी मला माझ्याच वर्गात बाकावर उभे केल्यासारखे वाटले. गाईडांपैकी एक पन्नाशीचा, अबोल गृहस्थ होता. दुसरी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी होती, माझ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींहून फार मोठी नव्हे. तिने सगळ्यांच्या पिशव्या जमिनीवर रिकाम्या करायला लावल्या. माझी एक लिटरची बाटली तिने बाजूला ठेवली आणि तीन लिटर पाणी मावेल अशी सोय करायला सांगितली. माझ्या कॅनव्हासच्या बुटांचे तळ वाकवून पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. कोणती औषधे घेता, रक्तदाब किती, शेवटचे दोन हजार फूट केव्हा चढलात, असे विचारले. मी "पस्तीस वर्षे सह्याद्रीत हिंडलो आहे" असे सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले आणि पुन्हा विचारले, "ते ठीक, पण शेवटचे केव्हा?"

मग तिने पाण्याचा धडा दिला. आपल्याकडे कोकणात घामाने सदरा भिजतो, म्हणून आपल्याला घाम येतो आहे हे समजते. तिथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. माणूस आटत असतो आणि त्याला ते कळत नाही. उलट नुसतेच पाणी भसाभसा पीत राहिले, तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्टासारखा करू लागतो. म्हणून पाण्याबरोबर खारट खायचे, भूक नसली तरी खायचे. माझ्याकडे मुलीने बांधून दिलेले खारे शेंगदाणे होते. त्या संध्याकाळी माझ्या सामानातल्या फक्त त्यांनाच पूर्ण गुण मिळाले.

ग्रँड कॅनियनविषयी थोडक्यात सांगतो. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही घळ सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. आपल्या डोंगराची सवय पायथ्याकडून माथ्याकडे जाण्याची. दम लागला की परत फिरायचे, उतार आपल्याला घरी पोचवतो. इथे सारेच उफराटे. सकाळच्या थंडीत, ताज्या पायांनी माणूस खाली उतरत जातो. आणि दमल्यावर, भर उन्हात, पाणी संपत आले असता सगळा चढ समोर उभा राहतो. तळाकडे जावे तसे ऊनही वाढते. उतरणे ऐच्छिक आहे, चढणे सक्तीचे, असे तिथे सांगितले जाते. ऐच्छिक आणि सक्तीच्या विषयांतला फरक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मी समजावून सांगायला नको.

आम्ही 'ब्राइट एंजल' नावाच्या वाटेने पहाटे उतरू लागलो. तीन मैलांवर, कड्यापासून सुमारे २,१०० फूट खाली, एक दगडी विसावा आहे. पुढे दीड-एक मैलावर झऱ्याकाठची हिरवी झाडी दिसत होती. तिथवर जाण्याचे मी मनाशी पक्के केले होते. विसाव्यावर ती मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही इथून परत फिरायचे." माझा पारा चढला. मी थकलो नव्हतो, निदान तसे मला वाटत होते. तिने शांतपणे सांगितले की शेवटच्या मैलाला मला पहिल्या मैलापेक्षा पंधरा मिनिटे जास्त लागली, वळणावर मी दोनदा कड्याच्या बाजूला झुकलो, आणि उभा राहिलो की माझे गुडघे थरथरत होते. हे तिने मागून चालताना पाहिले होते. मला पुढे चालताना यातले काही कळले नव्हते.

आम्हा पाच जणांना घेऊन ती परत फिरली, बाकीचे दुसऱ्या गाईडबरोबर पुढे गेले. तो तीन मैलांचा चढ चढायला मला चार तासांहून अधिक लागले. शेवटच्या मैलात मी पावले मोजत होतो. झऱ्यापर्यंत गेलो असतो, तर वर कसा आलो असतो, किंवा आलोच असतो का, हे मी मुलीला अजून सांगितलेले नाही. ती हा अंक वाचत नाही, म्हणून इथे लिहितो.

त्या झऱ्याची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण माझ्या विषयाशी तिचे नाते आहे. ज्या वाटेने आम्ही उतरलो, ती मूळची हवासुपाई लोकांची वाट. झऱ्याकाठी त्यांची शेती होती. १९१९ साली ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९२८ साली तिथल्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशाला जागा सोडावी लागली. जागेला सरकारी नकाशावर 'इंडियन गार्डन' म्हणजे 'इंडियनांची बाग' असे नाव राहिले. बाग राहिली, इंडियन गेले. १९७५ साली कायदा होऊन त्या जमातीला सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली. या जागेचे नाव मात्र २०२२ साली बदलून 'हवासुपाई गार्डन्स' झाले. नाव परत यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि परत आले ते फक्त नाव.

दुसरी गोष्ट आपल्याला गुदगुल्या करणारी आहे. त्या दरीतून वर आलेल्या सुळक्यांना विष्णू मंदिर, शिव मंदिर, ब्रह्मा मंदिर अशी नावे आहेत. दरीच्या तळाशी जो सर्वांत जुना खडक आहे, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा, त्यालाही विष्णूचेच नाव आहे. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे तो रांगते मूल. एकोणिसाव्या शतकात क्लॅरन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला त्या शिखरांचे आकार पौर्वात्य देवळांसारखे वाटले आणि त्याने ही प्रथा पाडली. हे ऐकून मला प्रथम अभिमान वाटला. गटातल्या लोकांना मी विष्णूचे दहा अवतारही सांगून टाकले. नंतर रात्री तंबूत पडल्यावर वाटले, डटनसाहेबाने आपल्या देवांची नावे दिली म्हणून आपण फुगतो. पण त्या सुळक्यांखाली शेकडो वर्षे राहिलेली माणसे त्यांना काय म्हणत होती? महाबळेश्वरला आपण आर्थर सीट, विल्सन पॉइंट, लॉडविक पॉइंट पाहतो तेव्हा तरी हा प्रश्न कितीजणांना पडतो? ज्याच्या हातात नकाशा असतो त्याचे नाव टिकते. ज्याच्या पायांत वाट असते त्याचे टिकत नाही.

झायनमध्ये आमची सर्वांत मोठी निराशा व्हायची होती. तिथे व्हर्जिन नदीच्या पात्रातून, गुडघाभर-कमरभर पाण्यातून, एका अरुंद घळीत चालत जातात. दोन्ही बाजूंना वालुकाश्माच्या भिंती, काही ठिकाणी हजार फूट उंच, आणि मधले अंतर वीस-तीस फुटांचे. हा वालुकाश्म म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्याच, दबून दगड झालेल्या. सगळ्यांनी या घळीसाठीच तर नावे नोंदवली होती. पण त्या हिवाळ्यात युटा राज्यात विक्रमी बर्फ पडले होते, ते वितळत होते आणि नदी फुगलेली होती. पाण्याचा वेग सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की घळ बंद, असा तिथला नियम. गाईडांनी आम्हाला काठावर नेले, पाणी दाखवले आणि दुसऱ्या वाटेने वळवले.

गटात नाराजी पसरली. एक तरुण अभियंता म्हणाला की, आम्ही एवढे पैसे मोजले ते काठावरून पाणी पाहायला नव्हेत. गाईड म्हणाली, "नाही म्हणण्याचेच तर पैसे तुम्ही मला देता." हे वाक्य मी जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले आहे. आपल्याकडे आपण वाटाड्याला वाट दाखवण्याचे पैसे देतो. खरे म्हणजे वाट दिसतच असते. कोणत्या दिवशी ती वाट नसते, हे सांगण्यासाठी माणूस लागतो.

तिने मग तिथल्या पुरांची हकीकत सांगितली. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियन या घळीत अकरा जण वाहून गेले. घळीवर पाऊस नव्हता. पाऊस मैलोगणती दूर पडला होता आणि खडकावर न मुरता सगळा त्या फटीत लोटला. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनमधल्याच एका घळीत सात जण गेले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. १९९७ च्या त्या बळींमध्ये गाईडबरोबर गेलेल्या गटातलीही माणसे होती. म्हणजे गाईड हा काही ताईत नव्हे. गळ्यात बांधला की संकट टळले, असे होत नाही. आज त्या घळीत नवाहो लोकांच्या अधिकृत वाटाड्याशिवाय कोणालाही उतरता येत नाही. जमीन त्यांची आहे, आणि 'आज नाही' म्हणण्याचा अधिकारही त्यांचाच.

झायनमध्येच 'एंजल्स लँडिंग' नावाचा, दरीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीचा एक अरुंद कडा आहे. साखळ्या धरून वर जायचे. गर्दी इतकी वाढली की १ एप्रिल २०२२ पासून तिथे चिठ्ठ्या टाकून परवाने देऊ लागले. आमच्यातल्या तिघांची चिठ्ठी निघाली, माझी निघाली नाही. मी साखळ्यांच्या अलीकडे बसून वर जाणाऱ्यांची रांग पाहत होतो. माणसे सुटी-सुटी, सावकाश चालली होती. मला पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरच्या दगडी पायऱ्यांवर अडकलेली गर्दी आठवली. वरचा खाली येऊ शकत नाही, खालचा वर जाऊ शकत नाही, आणि मधला फोटो काढतो आहे.

ब्राइसचे वर्णन मी आवरते घेतो. आठ-नऊ हजार फुटांवर, रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे या खेळाने तासले गेलेले हजारो लाल-पिवळे सुळके एका दरीत दाटीने उभे आहेत. तिथले पायूट लोक सांगतात की ही पूर्वीची माणसेच आहेत. वाईट वागली म्हणून कोल्हादेवाने त्यांचे दगड केले. ही कथा ऐकून सारे हसले. मी हसलो नाही, कारण माहुलीच्या किल्ल्याशेजारी नवरा, नवरी, करवली आणि भटोबा हे सुळके मी पाहिले आहेत. आपल्याकडेही वऱ्हाडाचा दगड होतो. डोंगराखाली राहणारा माणूस दगडाला नातेवाइकांची नावे देतो, लांबून आलेला मनुष्य देवळांची किंवा गव्हर्नरांची देतो.

आता ती जुनी गोष्ट.

१९८६ सालच्या मार्च महिन्यात मी या महाविद्यालयात नुकताच कायम झालेला, एकोणतीस वर्षांचा इतिहासाचा व्याख्याता होतो. गिर्यारोहण मंडळाची जबाबदारी माझ्याकडे होती. चौदा विद्यार्थ्यांना घेऊन मी हरिश्चंद्रगडाला निघालो, तेही नेहमीच्या वाटेने नव्हे, तर कोकणातून, बेलपाड्याकडून, नळीच्या वाटेने. ज्यांनी ती वाट पाहिली असेल त्यांना सांगायला नको. ती वाट म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली उभी घळच आहे. भूगोल विभागातून मी नकाशा आणला होता आणि त्याचा मला गर्व होता.

पहाटे गावातून निघताना एक म्हातारा आडवा आला. अंगात बंडी, कमरेला कोयता. म्हणाला, "वाट दावू का, मास्तर? इस रुपये द्या. वर पानी न्हाय आता. पाडव्याच्या आधीच आटतंय." मी नकाशा वर करून दाखवला आणि म्हटले, "बाबा, सगळं यात आहे." मुले हसली. म्हातारा बाजूला झाला.

नकाशात सगळे होते, पण घळीला फुटलेल्या दोन शाखांपैकी खरी कोणती, हे कागदावर ओळखता येत नव्हते. मी चुकीच्या शाखेत शिरलो. दुपारी एकपर्यंत पाणी संपले. तीनच्या सुमारास प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी बरळू लागला आणि खाली बसला तो उठेना. मीठ, पाणी, सावली, काहीच नव्हते. दोन धट्टीकट्टी मुले मी खाली गावात पाठवली आणि बाकीच्यांना घेऊन एका धोंड्याच्या आडोशाला बसून राहिलो. त्या पाच-सहा तासांविषयी मी कधी कोणाशी बोललो नाही. त्या मुलाच्या वडिलांना काय सांगायचे याची वाक्ये मी मनात जुळवत होतो, एवढेच लिहितो.

रात्री कंदिलाचा उजेड दिसला. तोच म्हातारा, दोन मुलगे घेऊन आला होता. डोक्यावर पाण्याची कळशी, फडक्यात मीठ आणि गूळ. त्याने त्या मुलाला घोटघोट पाणी पाजले, मीठ चाटवले, आणि पहाटे त्याला पाठुंगळीला मारून खाली आणले. चढताना आपली वाट कुठे चुकली ते उतरताना दाखवले. गावात आल्यावर मी शरमेने शंभराची नोट पुढे केली. त्याने ती परत केली आणि म्हणाला, "बोली इसाची हुती." वीस रुपये घेतले आणि कामाला निघून गेला. मुलगा बरा झाला. आज तो आजोबा आहे.

त्या वर्षीच्या वार्षिकात मी 'नळीच्या वाटेने' या मथळ्याचा लेख लिहिला. ग्रंथालयात तो अंक आहे, मी परवा काढून पाहिला. त्यात निसर्गाची आव्हाने आहेत, विद्यार्थ्यांची जिद्द आहे, सांघिक भावना आहे. चुकलेल्या वाटेला मी 'अनपेक्षित अडचण' म्हटले आहे. म्हाताऱ्याविषयी एकच ओळ आहे: 'एका ग्रामस्थाच्या साहाय्याने आम्ही सुखरूप परतलो.' त्या एका ग्रामस्थाचे नाव मी लिहिले नाही, कारण मी ते विचारलेच नव्हते. डटनसाहेबाला नावे ठेवणारा मी कोण?

आता आक्षेपांकडे वळतो. माझे एक गिर्यारोहक मित्र म्हणतात, "वाटाड्या घेऊन गड चढायचे असते, तर मावळ्यांनी इतिहास घडवला नसता." हे वाक्य ऐकायला फार छान आहे. पण मावळे म्हणजे तरी कोण? त्याच खोऱ्यातली, तीच वाट रोज तुडवणारी माणसे. ते स्वतःच वाटाडे होते. शहरातून शनिवारी रात्रीच्या गाडीने आलेला तरुण स्वतःला मावळा समजतो आणि खऱ्या मावळ्याच्या वंशजाला "वाट माहीत आहे" म्हणून बाजूला सारतो, ही इतिहासाची थट्टा आहे. इतिहासाच्याच प्राध्यापकाने ती केली, हे विशेष.

दुसरा आक्षेप एकान्ताचा. गटात एकान्त मिळत नाही, हे खरेच आहे. आठ दिवसांत मला एका बाईंच्या तीन मांजरांचे संपूर्ण चरित्र ऐकावे लागले. पण गाईड रोज अर्धा तास सर्वांना हाकेच्या अंतरावर एकेकटे बसवत असे, आणि तो अर्धा तास माझ्या नुसत्या एकट्या भटकंतीतल्या कित्येक दिवसांपेक्षा शांत होता. कारण परतीची वाट कोणती, पाणी पुरेल का, हे ओझे माझ्या डोक्यावर नव्हते. धास्तावलेल्या माणसाला एकान्त भोगता येत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. अमेरिकेतल्या त्या आठ दिवसांचा खर्च मी इथे सांगणार नाही. शेतकऱ्याच्या, कामगाराच्या मुलाला तो आकडा परवडणारा नाही, आणि तिथलीही सर्वच माणसे तो करू शकत नाहीत. शिवाय आमचे दोन्ही गाईड कितीही जाणते असले तरी बाहेरून येऊन तिथे राहिलेले होते. हवासुपाई किंवा पायूट माणूस आमच्यापुढे आठ दिवसांत एकदाही चालला नाही. वाट ज्यांची, ते गोष्टीपुरते उरले. म्हणून तिथला प्रकार जसाच्या तसा उचलावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तिथून शिस्त घ्यावी. माणूस मात्र इथला घ्यावा. आपल्याकडे तो आहे, आणि त्याचे मोल आपल्या आवाक्यात आहे. भंडारदऱ्याजवळच्या सांधण दरीत साम्रद गावचे तरुण लोकांना उतरवतात. ही घळ अमेरिकेतल्या घळींची धाकटी बहीण शोभेल. त्या तरुणांना आभाळाचा रंग कळतो. त्यांनी "आज नको" म्हटले, तर ते त्या दिवशीची मजुरी बुडवून म्हटलेले असते, हे आपण ध्यानात घ्यावे आणि "आज नको"चेही पैसे द्यावेत.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पाण्यात एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आणि हळहळलो. त्यानंतर बंदीचे हुकूम निघाले. बंदी दर पावसाळ्यात निघते. बंदीने पाटी लागते आणि पाटीपाशी पोलीस उभा राहतो. पोलीस गेला की पाटी उरते. पाटी "नाही" म्हणते, पण "का नाही" हे सांगत नाही, आणि "मग कुठे, केव्हा" हे तर मुळीच सांगत नाही. हे तिन्ही सांगणारा माणूस त्या गावातच असतो. त्याला विचारायला आपल्याला कमीपणा वाटतो.

आपल्या महाविद्यालयापुरत्या माझ्या चार सूचना आहेत. एक, गिर्यारोहण मंडळाची एकही सहल गावातल्या वाटाड्याशिवाय निघू नये आणि त्याचे मानधन सहलीच्या वर्गणीतच धरावे. दोन, परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वी ठरवावी आणि ती वाटाड्याने पाळून घ्यावी, प्राध्यापकाने नव्हे. प्राध्यापकाला विद्यार्थ्यांसमोर मागे फिरण्याची लाज वाटते, हे मी स्वानुभवाने सांगतो. तीन, निघताना सर्वांच्या पिशव्या रिकाम्या करून पाहाव्यात, प्राध्यापकाची सर्वांत आधी. चार, वार्षिकात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक सहलीच्या वृत्तान्तात पहिल्या परिच्छेदात वाटाड्याचे नाव असावे.

गेल्या डिसेंबरात मी बेलपाड्याला जाऊन आलो. आता गावात वाट दाखवणारी तरुण मुले आहेत, त्यांच्याकडे दोर आहेत, शिरस्त्राणे आहेत. मी त्यांना १९८६ ची हकीकत सांगितली. एका पारावर चार जुनी माणसे जमली. म्हातारा कसा होता, उंच की बुटका, मुलगे दोन की तीन, घर ओढ्याच्या कोणत्या अंगाला, असे त्यांनी मला विचारले. मला घर आठवेना. त्या काळी वाट दाखवणारे चार-पाच जण होते, असे ते म्हणाले. "सगळेच गेले आता. तुम्ही म्हनता तो कोन्चा, कसं सांगावं?" मी वीस रुपयांची गोष्ट सांगितली. त्यांच्यातला एक हसून म्हणाला, "बोली तर समद्यांचीच इसाची हुती."

नाव मिळाले नाही. त्यामुळे जुन्या अंकातली ती ओळ दुरुस्त करता येणार नाही. तिथली जागा रिकामीच राहील. त्या दिवशी मला परत वर घेऊन जाणारा तरुण मात्र माझ्या वहीत नावानिशी आहे, आणि अमेरिकेतले ते दोघेही. या वर्षीची सहल कुठे जाणार आहे, ते मला ठाऊक नाही. जिथे जाईल तिथून परत आलात की, विद्यार्थी मित्रहो, मला येऊन आधी ते नाव सांगा. गड किती उंच होता, ते मी मागाहून ऐकेन.